शरणपूरच्या विद्यार्थ्यांचा आफ्रिका-प्रवास (१८६५–१८७४)

पंचवटी व नाशिक यांच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाची दृष्टी प्रथम तेथे येणाऱ्या माणसांकडे जाते. गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी आणि उजव्या तीरावरील नाशिक मिळून जे क्षेत्र बनले, त्याचे सारे जीवनच येणाऱ्यांवर उभे राहिले आहे. येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेकरूचे नाव, गाव, कूळ, त्याच्या पूर्वजांची व सोबतच्या मंडळींची नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरविली गेली. आणि या वह्यांचे ऐतिहासिक साधन म्हणून असलेले मोल संशोधकांनी फार पूर्वीच ओळखले आहे. कोण आले, कोठून आले आणि कोणाचे कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे असे साधन फार थोड्या नगरांच्या वाट्यास आले असेल.

तथापि याच नगरातून बाहेर गेलेल्यांनी बाहेरच्या जगाविषयी काय लिहून ठेवले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विद्यार्थ्यांनी समूहाने केलेला परदेशप्रवास आणि त्यांनी त्याविषयी नोंदलेले अनुभव हा विषय आधुनिक काळातील, विसाव्या शतकातील, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नाशिकच्या एका शाळेतील विद्यार्थ्यांची एक तुकडी १८६६ च्या आरंभी मुंबईहून समुद्रमार्गे आफ्रिकेस गेली, दुसरी १८७२ साली गेली. आणि दुसऱ्या तुकडीतील तिघांचे अनुभव त्यांच्या स्वतःच्या लेखनातून वा कथनातून आज उपलब्ध आहेत. ही शाळा म्हणजे नाशिकच्या पश्चिमेस वसलेल्या शरणपूर येथील आफ्रिकी आश्रमशाळा होय. हे विद्यार्थी जन्माने आफ्रिकी होते. ज्या देशास ते विद्यार्थी म्हणून गेले, तो त्यांच्या जन्माचा देश होता. आणि तरीही त्यांच्या लेखनात तो परदेश म्हणूनच उमटला. असे का घडले, आणि त्यांच्या लेखनाचे साधन म्हणून मोल काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१. शरणपूरची शाळा

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेचे कार्य नाशिक येथे १८३२ साली सुरू झाले. पुढे विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याच्या पुढाकाराने १८५४ च्या सुमारास नगराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापन झाली. धर्मांतरामुळे घर व जात यांस मुकलेल्यांना राहण्यास जागा आणि पोटास उद्योग मिळावा, हा तिचा मूळ हेतू होता. शरण आलेल्यांचे पूर हा तिच्या नावाचा अर्थ पुढे एका निराळ्याच समूहाच्या बाबतीत अधिक खरा ठरला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून अरबस्तान, इराणचे आखात व पश्चिम हिंदुस्थान येथे नेण्याचा व्यापार जोरात होता. न्यासा सरोवराच्या परिसरातील याओ व इतर समाजांतील मुले युद्धात, कर्जापायी अथवा आप्तांच्याच विश्वासघाताने विकली जात. तांड्यांबरोबर किनाऱ्यापर्यंत पायी चालविली जात. आणि गलबतांत कोंबली जात. ब्रिटिश आरमाराची जहाजे अशी गलबते पकडीत. त्यांवरील माणसांना मुक्त म्हणून घोषित केले जाई, परंतु परत त्यांच्या गावी पोचविण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. त्यांना एडन, मुंबई, सेशेल्स, मॉरिशस अशा ब्रिटिश अमलाखालील बंदरांत उतरवून घेतले जाई. मुंबईत उतरलेली मुले पोलीस कमिशनरच्या हवाली होत व तेथून खाजगी घरांत किंवा मिशनच्या ताब्यात दिली जात. मुक्ती मिळालेल्या या मुलांना आपण कोठे राहावयाचे हे ठरविण्याची मोकळीक मात्र मिळाली नव्हती, ही गोष्ट येथे ध्यानात ठेविली पाहिजे.

मुंबईतील अशा आफ्रिकी मुलांची जबाबदारी आयझेनबर्ग या पाद्र्याकडे होती. त्याने पूर्वी इथिओपियात धर्मकार्य केले होते. १८६० साली ही मुले शरणपुरास आणण्यात आली आणि आफ्रिकी आश्रमशाळा सुरू झाली. तेथे वाचन, लेखन, गणित व धर्मशिक्षण यांबरोबर सुतारकी, लोहारकी यांसारखे हस्तोद्योग शिकविले जात. शिक्षणात इंग्रजीस मोठे स्थान होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलांना नवी नावे मिळत. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, सायमन प्राइस ही ती नावे होत. यांतील प्राइस व फरार ही आडनावे नाशिक मिशनमधील पाद्र्यांच्याच आडनावांशी जुळतात. मॅथ्यू वेलिंग्टनचे जन्मनाव चेंग्विंबे होते, हे त्याच्या उत्तरायुष्यातील कथनावरून कळते. इतर बहुतेकांची जन्मनावे इतिहासातून पुसली गेली.

रामायणातील हरणाचा प्रसंग ज्या भूमीशी जोडला गेला आहे, तिच्या शेजारी हरण झालेली हजारो मैलांवरची मुले वाढत होती. क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत ज्या तीन गोष्टी प्रथम लिहिल्या जातात, त्या नाव, गाव व कूळ या तिन्ही गोष्टी या मुलांनी गमावल्या होत्या. त्यांच्या जागी शाळेने त्यांना लेखणी दिली. या देवघेवीचा हिशेब त्यांच्या प्रवासवृत्तांत पाहावयास मिळतो.

शाळेतील विद्यार्थ्यांना आफ्रिकेस धाडण्याची कल्पना लवकरच पुढे आली. १८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर व जॉर्ज डेव्हिड हे मुंबईकडील आफ्रिकी तरुण मोंबासाजवळील राबाई येथील मिशनमध्ये दाखल झाले. त्यांच्यामागून गेलेल्या पहिल्या मोठ्या तुकडीचे निमित्त मात्र धर्मकार्याचे नव्हते. ते भूगोल-संशोधनाचे होते.

२. पहिली तुकडी : १८६६

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईस आला. मध्य आफ्रिकेतील जलविभाजकांचा व नाईलच्या उगमाचा शोध घेणे आणि त्याबरोबरच गुलामांच्या व्यापाराची माहिती जगापुढे मांडणे, असा त्याचा दुहेरी हेतू होता. मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याचा त्यास पाठिंबा होता. शरणपूरच्या शाळेतून त्याने नऊ विद्यार्थी निवडले. याखेरीज त्याच्या परिवारात मुंबईकडील तेरा शिपाई, कोमोरो द्वीपसमूहातील जोहान्ना बेटावरील दहा माणसे, झांबेझीकाठच्या शुपांगा येथील दोघे आणि चुमा व विकतानी हे दोन याओ तरुण होते. या दोघांनी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या देखरेखीखाली शिक्षण घेतले होते. एकूण छत्तीस माणसे झाली. मालवाहतुकीसाठी उंट, खेचरे व गाढवे यांच्याबरोबर पाळीव म्हशीही घेतल्या होत्या. आफ्रिकेतील त्सेत्से माशीच्या दंशाचा या जनावरांवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचाही त्यात हेतू होता. ३ जानेवारी १८६६ रोजी ही मंडळी मुंबईहून आगबोटीने निघाली व २८ जानेवारीस झांजीबारला पोचली. मार्च महिन्यात रोव्हुमा नदीच्या परिसरात किनाऱ्यावर उतरून त्यांनी आतल्या प्रदेशाची वाट धरली.

या प्रवासाचे मुख्य साधन म्हणजे लिव्हिंग्स्टनची रोजनिशी. तीत नाशिकच्या मुलांविषयीचे उल्लेख पुष्कळ आहेत; पण ते एका त्रासलेल्या नायकाचे उल्लेख आहेत. शिपायांच्या संगतीने ही मुले बिघडतात, मागे रेंगाळतात, ओझी टाळतात, जनावरांची हयगय करतात, अशा तक्रारी त्याने केल्या आहेत. शिपायांना तर त्याने त्याच वर्षी परत धाडले. मुलांच्या बाजूचे कोणतेही लेखन या टप्प्याचे उपलब्ध नाही. म्हणून अभ्यासकास त्यांच्या मनाचा अंदाज नायकाने सहज नोंदविलेल्या, तक्रारीच्या ओघाबाहेरच्या प्रसंगांवरूनच करावा लागतो. सुदैवाने असे प्रसंग आहेत.

पहिला प्रसंग वाटेवरचा आहे. १८६६ च्या जूनमध्ये हा तांडा रोव्हुमाच्या खोऱ्यातून जात असता गुलामांच्या तांड्यांनी मागे टाकलेली प्रेते दिसू लागली. चालण्यास असमर्थ ठरलेल्या स्त्रीला गळ्याशी झाडास बांधून मरणास सोडून दिल्याचे दृश्य लिव्हिंग्स्टनने नोंदविले आहे, आणि ते वर्णन पुढे युरोपभर वाचले गेले. तेच दृश्य नऊ विद्यार्थ्यांनीही पाहिले. त्यांच्यापैकी प्रत्येक जण लहानपणी अशाच कोणत्या तरी वाटेने किनाऱ्याकडे हाकलला गेला होता. जे लिव्हिंग्स्टनला नव्याने कळले, ते त्यांना आठवले असेल. युरोपच्या वाचकास मिळालेले वर्णन नवख्याचे होते; जाणत्याचे वर्णन लिहिलेच गेले नाही.

दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा होय. जुलैच्या मध्यास ही मंडळी याओ सरदार मताका याच्या मोएम्बे या मोठ्या गावी पोचली. पाहुण्यांना पाहण्यास जमलेल्या गर्दीत नाशिकचा अब्राहम नावाचा विद्यार्थी आपल्या मामास की चुलत्यास ओळखतो. इंग्रजी शब्दावरून नाते कोणत्या बाजूचे ते ठरत नाही. मराठी वाचकास ही उणीव जाणवते, इंग्रज लेखकास ती जाणवली नसावी. ओळख पटताच अब्राहमला कळते की, आपण विकले गेल्यानंतर आई व दोन बहिणी यांनाही अरबांना विकण्यात आले. आप्त त्यास राहण्याचा आग्रह करतात. लिव्हिंग्स्टनही त्यास राहा म्हणतो व काही काळ निभाव लागेल इतका माल देण्याची तयारी दर्शवितो. अब्राहमचे उत्तर एकच असते : जेथे आई नाही आणि बहीण नाही, तेथे आपण राहावे कशासाठी? तो तांड्याबरोबर पुढे निघून जातो.

याच्याशी विकतानीचा प्रसंग ताडून पाहण्यासारखा आहे. न्यासा सरोवराच्या दक्षिणेस त्याची आपल्या भावाशी गाठ पडली. ज्या पित्याने त्यास विकले होते, तो वारला होता. विकतानीने निरोप घेतला व तो मागे राहिला. एकाने स्वदेश स्वीकारला, दुसऱ्याने नाकारला. दोघांनीही भूमीचा विचार केलेला नाही. नात्याचा केला आहे. स्वदेश म्हणजे मूळ गाव नव्हे, तर आपणांस ओळखणारी व आपण ज्यांना ओळखतो अशी माणसे, ही व्याख्या या दोन तरुणांनी आपल्या कृतीतून केली. परदेशप्रवासाच्या वृत्तांतात स्वदेश व परदेश ही दोन पदे गृहीत धरलेली असतात. या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तीच सिद्ध करावी लागतात.

पुढील सात वर्षांत पहिली तुकडी विखुरली. रिचर्ड नावाचा मुलगा पहिल्याच वर्षी मागे राहून मरण पावला. जेम्स १८७१ साली मन्येमा प्रदेशात बाणाने मारला गेला. काही सोडून गेले, काहींना लिव्हिंग्स्टननेच दूर केले. १८७३ साली त्याच्या मृत्युसमयी पहिल्या नऊजणांपैकी एडवर्ड गार्डनर व मब्रुकी या नावाने ओळखला जाणारा नाथानिएल कुंबा हे दोघेच त्याच्याजवळ उरले होते.

३. दुसरी तुकडी : १८७२–७४

लिव्हिंग्स्टनचा पत्ता लागेना म्हणून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७२ च्या आरंभी एक साहाय्यक मोहीम पाठविली. तिच्यासाठी शरणपूरच्या शाळेतून तयार झालेले सहा तरुण घेण्यात आले : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, रिचर्ड रटन व बेंजामिन रटन. इतक्यात हेन्री स्टॅन्ली लिव्हिंग्स्टनला भेटून मे महिन्यात किनाऱ्यावर परतला आणि मोहिमेचे प्रयोजनच संपले. स्टॅन्लीने झांजीबारहून जी माणसे लिव्हिंग्स्टनकडे रवाना केली, त्यांत हे सहाही गेले. ऑगस्ट १८७२ मध्ये ते आजच्या टांझानियातील ताबोराजवळ उन्यान्येम्बे येथे त्यास मिळाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शेवटचा प्रवास सुरू झाला.

पुढील हकीकत सुविदित आहे. आजच्या झांबियातील चितांबो या सरदाराच्या गावी १ मे १८७३ च्या पहाटे लिव्हिंग्स्टन मरण पावलेला आढळला. सोबतच्या माणसांनी स्वतःच्या निर्णयाने त्याचे शव किनाऱ्यापर्यंत नेण्याचे ठरविले. फरिजाला नावाच्या माणसाने झांजीबारला एका डॉक्टरकडे नोकरी करताना शवविच्छेदन पाहिले होते. त्याने शव उघडले व कॅरस फरारने त्यास साहाय्य केले. शरीराच्या डाव्या बाजूस गोठलेल्या रक्ताची मोठी गाठ आढळली. काढलेले अंतर्भाग एका झाडाखाली पुरण्यात आले आणि जेकब वेनराइटने प्रार्थनाग्रंथातून अंत्यविधीचा पाठ वाचला. शव सुमारे पंधरा दिवस उन्हात वाळवून कापड, झाडाची साल व शिडाचे कापड यांत बांधले गेले. त्यानंतर सुमारे नऊ महिने, हजार मैलांहून अधिक अंतर पायी तोडून, फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो येथे पोचले. वाटेत आजारांनी माणसे मेली. चावेंदेच्या गावी लढाई झाली. उन्यान्येम्बे येथे कॅमेरन या इंग्रज अधिकाऱ्याने शव तेथेच पुरावे असे सुचविले, ते त्यांनी मानले नाही. पुढे प्रेत नेण्यास लोकांचा विरोध दिसताच त्यांनी शव माघारी धाडल्याचा देखावा केला आणि खरे शव कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे नेले.

या निबंधाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते यांतील लेखनविषयक कृत्यांना. मृत्यूनंतर लिव्हिंग्स्टनच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडून त्यांतील वस्तूंची यादी करण्यात आली. ती जेकब वेनराइटने केली. झाडावर लेख कोरण्यात आला. तोही त्यानेच कोरला. आणि त्या प्रवासाची रोजनिशीही त्यानेच लिहिली. नायक मेल्यावर तांड्याचे नेतृत्व चुमा व सूसी यांच्याकडे गेले. तांड्याचे दप्तर मात्र नाशिकच्या विद्यार्थ्याकडे आले. परक्या मुलखात मालकाच्या मृत्यूचा व मालाचा जाब आपणांस द्यावा लागेल, आणि तो जाब तोंडी चालणार नाही, लेखी लागेल, ही जाण त्या समूहास होती, हे यावरून स्पष्ट दिसते.

झाडावरील लेखाची चिकित्सा उद्बोधक ठरेल. त्यात लिव्हिंग्स्टनचे नाव, ४ मे १८७३ हा दिनांक आणि याझुझा, म्नियासेरे व व्चोपेरे अशी तीन नावे होती. मृत्यूचा प्रचलित दिनांक १ मे असताना लेखात ४ मे का, हा प्रश्न अभ्यासकांनी चर्चिला आहे. तो दफनविधीचा दिनांक असू शकतो, अथवा दिवसांची गणना चुकलेली असू शकते. परंतु याहून लक्षणीय गोष्ट निराळी आहे. कोरणाऱ्याने स्वतःचे नाव कोरलेले नाही, नाशिकच्या कोणाही सहाध्यायाचे कोरलेले नाही. तांड्यातील इतर माणसांची नावे कोरली आहेत. लेखक म्हणून आपण उपस्थित असावे, पण लेखात नसावे, ही लेखनिकाची वृत्ती होय. लेख असलेला झाडाचा भाग १८९९ साली तोडून लंडनला नेण्यात आला व तेथे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात ठेवण्यात आला.

४. तीन वृत्तांत व त्यांचे प्रामाण्य

सहाजणांपैकी तिघांचे वृत्तांत उपलब्ध आहेत आणि साधनचिकित्सेच्या दृष्टीने ते तीन भिन्न प्रकारचे आहेत.

जेकब वेनराइटची रोजनिशी ही घटनेबरोबर लिहिली गेलेली आहे. तीत मुक्काम, नद्या, सरदार, आजार, तंटे व देवघेव यांच्या नोंदी येतात. ती इंग्रजीत आहे. परंतु प्रथम प्रसिद्ध झाली ती जर्मन भाषांतराच्या रूपाने, १८७४ साली, पीटरमान यांच्या भूगोलविषयक नियतकालिकात. तिचा मूळ इंग्रजी पाठ सर्वांस उपलब्ध होण्यास जवळजवळ दीड शतक लागले. कॅरस फरारचा वृत्तांत प्रवास संपल्यावर लिहिला गेला आणि मिशनच्या कागदपत्रांत पडून राहिला. तो १९५० साली ‘युगांडा जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासा येथे दीर्घकाळ जगला; १९३५ साली त्याचा मृत्यू झाला. त्याचे कथन वृद्धपणी दुसऱ्याने लिहून घेतलेले आहे. पहिला पुरावा तात्कालिक, दुसरा नजीकच्या स्मरणाचा, तिसरा सुमारे अर्धशतकानंतरच्या आठवणींचा होय. मार्ग, दिनांक व घटनाक्रम यांसाठी पहिलाच ग्राह्य धरला पाहिजे. पण बालपण, हरण, गलबत व नाशिकची शाळा यांविषयी पहिले दोन जवळजवळ मौन पाळतात, आणि तेथे तिसरा बोलतो. तरुणपणी ज्या आठवणींना लिहिण्याजोगे मोल वाटले नाही, त्यांना वार्धक्यात ते आले. म्हणून केवळ घटनेपासूनचे अंतर मोजून वृत्तांताची किंमत ठरविणे येथे अपुरे पडते. कोणता प्रश्न विचारला जात आहे, यावर ती अवलंबून राहते.

जेकबच्या रोजनिशीतील दृष्टिकोन विचारात घेण्याजोगा आहे. त्याचा जन्म याओ समाजातला, न्यासा सरोवराच्या बाजूचा. वाटेतील प्रदेश त्याच्या जन्मभूमीपासून फार परका नव्हे. तथापि लिहिताना तो स्वतःस त्या लोकांपैकी एक मानीत नाही. वाटेतील समाजांचे आचार, भय व समजुती तो बाहेरून पाहतो. ख्रिस्ती, शिक्षित, लिहिता प्रवासी हीच त्याची स्वतःविषयीची कल्पना आहे. नाशिकच्या शाळेने दिलेली भाषा ही केवळ भाषा नव्हती. पाहण्याची जागाही तिने दिली होती. इंग्रजी प्रवासवृत्ताचा जो साचा होता, त्यात वर्णन करणारा एकीकडे व वर्णिले जाणारे लोक दुसरीकडे असत. जेकबने तो साचा उचलला तेव्हा तो आपोआप वर्णन करणाऱ्याच्या बाजूस गेला. यात त्याची कृतघ्नता पाहणे अनैतिहासिक होईल. ज्याचे गाव, कूळ व नाव गेले आहे, त्यास उभे राहण्यास दुसरी जागा नव्हती.

या तरुणास पुढे काही काळ प्रसिद्धी लाभली. मिशनने त्याच्या भाड्याची सोय केल्यामुळे शवाबरोबर इंग्लंडला जाणारा तांड्यातील तो एकटाच होता. एप्रिल १८७४ च्या मध्यास तो साउदॅम्प्टनला पोचला आणि १८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीसोबतच्या मानकऱ्यांत स्टॅन्ली, कर्क, वॉलर यांच्याबरोबर होता. चुमा व सूसी अंत्यविधी आटोपल्यावर इंग्लंडला पोचले. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशींचे संपादन हॉरेस वॉलर याने केले व ते दोन खंड त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. शेवटच्या प्रकरणासाठी वॉलरने मुख्यतः चुमा व सूसी यांच्या तोंडी कथनावर भिस्त ठेविली. लिहून ठेवणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्यांचा आधार घेतला गेला, हे वरवर आश्चर्याचे वाटते. परंतु तोंडी कथनास शब्द देणारा संपादकच असतो. लिहिलेल्या रोजनिशीस स्वतःचे शब्द असतात. निष्ठावान सेवकांची जी प्रतिमा त्या काळच्या वाचकवर्गास हवी होती, तीत स्वतंत्र दप्तर राखणारा विद्यार्थी सहजासहजी बसणारा नव्हता. पुढे जेकब आफ्रिकेत परतला, मिशनच्या नोकरीत व नंतर इतरत्र राहिला, आणि १८९२ साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला.

५. शाळेचे स्थलांतर आणि नाशिकचा इतिहास

सर बार्टल फ्रियर १८७३ साली ब्रिटिश सरकारचा खास प्रतिनिधी म्हणून झांजीबारला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये सुलतानाने करार मान्य करून तेथील गुलामांचा बाजार बंद केला. समुद्रावर मुक्त होणाऱ्या माणसांना दूर हिंदुस्थानात न नेता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसवावे आणि त्या कामी नाशिकच्या विद्यार्थ्यांचा उपयोग करावा, असे मत फ्रियरने मांडले. त्यानुसार शरणपूरचा संस्थापक प्राइस स्वतः मोंबासास गेला व १८७५ साली फ्रियर टाउन ही वसाहत उभी राहिली. नाशिकचे आफ्रिकी रहिवासी मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि शरणपूरची आश्रमशाळा बंद झाली. पूर्व आफ्रिकेत या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ असे सामुदायिक नाव पडले. मुंबईत अथवा नाशिकात ते आफ्रिकी होते; आफ्रिकेत ते मुंबईकर झाले. दोन्ही ठिकाणी त्यांचे नाव दुसऱ्या ठिकाणावरून पडले.

या नावामागे वस्तुस्थिती होती. त्यांचा वेष, इंग्रजीचे ज्ञान, कारागिरी व वेतनाविषयीच्या अपेक्षा नव्याने मुक्त झालेल्या माणसांहून निराळ्या होत्या. गोऱ्या पाद्र्यांशी त्यांचे खटकेही उडत. शिक्षक, दुभाषे, सुतार, लोहार अशा नात्यांनी त्यांनी वसाहत चालविली. १८६४ साली गेलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर यांना १८८५ साली धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. राबाई येथे पळून आलेल्या गुलामांना आश्रय देण्यात जोन्सचा मोठा वाटा होता. १८८९ च्या आरंभी तेथील सुमारे चौदाशे गुलामांची मालकांना मोबदला देऊन मुक्तता करण्यात आली. ज्यांना नाशिकात शरण मिळाली, त्यांनी आफ्रिकेत शरण दिली, असे म्हणण्यास येथे आधार आहे.

हा सारा इतिहास आफ्रिकेच्या व मिशनच्या इतिहासात कमीअधिक प्रमाणात लिहिला गेला आहे. नाशिकच्या इतिहासात मात्र तो बहुधा एका वाक्यापुरता येतो. याचे एक कारण भाषेचे आहे. मराठीतील परदेशवर्णनांचा विचार करताना पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील १८८९ चे पुस्तक हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. जेकबची रोजनिशी त्याहून पंधरा वर्षे जुनी आहे. पण ती इंग्रजीत असल्याने मराठी वाङ्‌मयाच्या कक्षेबाहेर राहिली, आणि लेखक जन्माने आफ्रिकी असल्याने महाराष्ट्राच्या इतिहासाच्या कक्षेबाहेर. दुसरे कारण विषयाच्या मांडणीचे आहे. क्षेत्राचा इतिहास येणाऱ्यांचा धरला की, जे आले, शिकले आणि गेले, त्यांच्यासाठी त्यात रकाना उरत नाही.

विद्यार्थ्यांची परदेशवर्णने ऐतिहासिक साधन म्हणून वाचताना सामान्यतः परदेशाविषयीची माहिती वेचली जाते. ती बहुधा उथळ असते. थोड्या दिवसांत, थोड्या ओळखीवर बनलेली असते. त्यांचे खरे मोल निराळे आहे. ज्या शाळेने व नगराने तो विद्यार्थी घडविला, त्यांनी त्यास काय पाहावयास शिकविले आणि काय पाहू दिले नाही, याची ती साक्ष असतात. या कसोटीने पाहता जेकब वेनराइटची रोजनिशी लुआपुलाकाठच्या समाजांविषयी जितके सांगते, त्याहून थोडे कमी शरणपूरविषयी सांगत नाही. यादी करणारा, दिनांक घालणारा, प्रार्थना वाचणारा, स्वतःचे नाव न कोरणारा आणि आपल्याच मुलखाकडे पाहुण्याच्या नजरेने पाहणारा तो तरुण नाशिकने घडविला होता.

आज शरणपूर हे नाव नाशिकच्या एका गजबजलेल्या रस्त्यावरून रोज घेतले जाते. मोंबासाच्या बाजूस फ्रियर टाउनची घंटा ज्या ठिकाणी आहे, त्यास स्वाहिलीत घंटेवरून केंगेलेनी म्हणतात. या दोन स्थळांना जोडणारा इतिहास लिहावयाचा तर दोन्हीकडील कागद एकत्र वाचावे लागतील : मिशनचा पत्रव्यवहार, शाळेची प्रतिवृत्ते, मुंबई सरकारचे दप्तर, आणि त्यांबरोबर त्या तीन विद्यार्थ्यांचे वृत्तांत. पंचवटीच्या वह्यांचे वाचन ज्या काटेकोरपणाने होते, तोच काटेकोरपणा या कागदांनाही लागू करता येईल. आणि तसे झाल्यास नाव, गाव व कूळ यांच्या रकान्यांत ज्यांची नोंद होऊ शकली नाही, त्या माणसांचेही नाशिकच्या इतिहासातील स्थान निश्चित होईल.